कॉलम कुणाचा?

ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंग पेनाने काम चालायचं तेव्हा कॉलम म्हणजे काळा भरलेला आयत. आर्किटेक्टच्या प्लॅनवर तो एकदा यायचा, आरसीसी कन्सल्टंटच्या सेंटर लाइन ड्रॉइंगवर दुसऱ्यांदा, सेक्शनमध्ये तिसऱ्यांदा आणि कॉलम शेड्यूलमध्ये नुसते आकडे म्हणून चौथ्यांदा. हे चारही कॉलम एकच आहेत, हे फक्त माणसांच्या डोक्यात असायचं. डिसेंबर १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ऑटोकॅडने ब्लेडने खरवडणं थांबवलं, कॉपी मारणं सोपं केलं. पण चार रेघा आणि आत हॅच, यापलीकडे पडद्यावरच्या कॉलमला स्वतःची ओळख नव्हती. प्लॅनमध्ये तो सहा इंच सरकला तर सेक्शनला त्याची खबर लागत नसे.

इमारतीचं एकच वर्णन संगणकात ठेवायचं आणि सगळी ड्रॉइंग त्यातून काढायची, ही कल्पना चक ईस्टमन यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर मांडली होती. ग्राफिसॉफ्ट या हंगेरीतल्या कंपनीचं आर्किकॅडही १९८० च्या दशकातलं. तरीही कॉलमच्या बाबतीत मला गेल्या पंचवीस वर्षांचाच मागोवा घ्यावासा वाटतो, आणि तो इमारतीचं मॉडेल बनवणाऱ्या रेव्हिट या सॉफ्टवेअरच्या अनुषंगाने. लिओनिड रेझ आणि अर्विन युंग्राइस हे दोघे यंत्रांच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडले आणि १९९७ साली बॉस्टनजवळ त्यांनी नवी कंपनी काढली. तिच्या रेव्हिटची पहिली आवृत्ती २००० साली आली, २००२ मध्ये ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने ती कंपनी विकत घेतली, २००५ साली स्ट्रक्चरल इंजिनिअरांसाठी वेगळी आवृत्ती निघाली.

या सॉफ्टवेअरमध्ये कॉलम दोन प्रकारचे आहेत, आर्किटेक्चरल आणि स्ट्रक्चरल. नवशिक्याला ही उगाच केलेली गुंतागुंत वाटते. मला मात्र त्यात आपल्या व्यवसायातलं जुनं भांडण स्वच्छ मांडलेलं दिसतं. आर्किटेक्चरल कॉलम भिंतीला चिकटवला की तो भिंतीचं मटेरिअल अंगावर घेतो, प्लास्टरसकट भिंतीत मिसळून जातो. स्ट्रक्चरल कॉलम तसं करत नाही. तो आपलं काँक्रीट सोडत नाही, आणि बीम, ब्रेस, फुटिंग जोडली जातात ती त्यालाच. म्हणजे एक दिसण्यासाठी, दुसरा भार घेण्यासाठी. कागदावर एकाच काळ्या आयतात या दोन्ही गोष्टी कोंबलेल्या असत, म्हणून ‘हा कॉलम नक्की कुणाचा’ हा प्रश्न साइटवर लाइनआउट होईपर्यंत कुणी विचारत नसे. मॉडेलमध्ये पहिल्या क्लिकला तो विचारला जातो. पुढे फाइल देवाणघेवाणीसाठी आयएफसी हे खुलं मानक रुळलं. त्यातही कॉलमच्या गुणधर्मांत भार वाहतो की नाही, याला हो-नाहीचा रकाना आहेच.

आणखी एक बारीक गोष्ट. आर्किटेक्चरल कॉलम प्लॅनमध्ये टाकला की तो त्या मजल्यापासून वर जातो. स्ट्रक्चरल कॉलम मात्र सेटिंग न बदलता टाकला तर त्या लेव्हलपासून खाली जातो. ग्राउंड फ्लोअरच्या प्लॅनमध्ये कॉलम टाकावा आणि तो दिसूच नये, वर इशाऱ्याची चौकट यावी, हे शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतं. पण यामागे विचार आहे. इंजिनिअर स्लॅबचं ड्रॉइंग काढतो तेव्हा त्याच्या मनात प्रश्न असतो, हा स्लॅब कशावर उभा आहे? त्याचे कॉलम स्लॅबच्या खालचे. आर्किटेक्टला मात्र त्या मजल्यावर चालताना आड येणारे कॉलम हवे असतात. एका बटणाच्या डीफॉल्टमध्ये दोन व्यवसायांची बघण्याची दिशा जपली गेली, याचं मला आजही अप्रूप आहे.

ग्रिडचं महत्त्वही मॉडेल आल्यावरच खऱ्या अर्थाने कळलं. ग्रिडरेघा निवडल्या की त्यांच्या प्रत्येक छेदावर कॉलम उभा राहतो, आणि ग्रिड सरकली की तोही सरकतो. इंजिनिअर आर्किटेक्टच्या मॉडेलमधून ग्रिड, लेव्हल, कॉलम उचलून आपल्या मॉडेलमध्ये घेतो. नंतर तिकडे काही हललं तर इकडे सूचना येते. पूर्वी ही सूचना फोनवर यायची, किंवा यायचीच नाही.

आपल्याकडे या सगळ्याला धार आली ती भूकंपांमुळे. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं, आणि तिथून २०० किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या. वर भिंतींनी भरलेले मजले, खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम, अशा त्यातल्या कितीतरी होत्या. वरच्या मजल्यावरचा कॉलम खाली पार्किंगमध्ये गाडी वळायला आड येतो म्हणून बीमवरच थांबवायचा, ही सवय पुण्या-मुंबईतही होती. कागदावर पार्किंगचा प्लॅन एका शीटवर, टिपिकल फ्लोअर दुसऱ्या शीटवर, त्यामुळे तुटलेला भारमार्ग नजरेतून निसटायचा. मॉडेल फिरवून पाहिलं की अधांतरी कॉलम लपत नाही.

मग २०१६ साली आयएस १३९२० ची, म्हणजे भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाची, सुधारित आवृत्ती आली. १९९३ च्या आवृत्तीत साधारण गाळ्यांसाठी कॉलमची किमान रुंदी २०० मिलिमीटर चालत होती. त्यामुळे आपल्याकडे २३० मिलिमीटरचा कॉलम घट्ट रुजला होता: नऊ इंची भिंतीत बरोबर बसणारा, प्लास्टर झाल्यावर कुठे आहे हेही न कळणारा. नव्या आवृत्तीने किमान ३०० मिलिमीटर सांगितले. बीमची सळई जाड असेल तर व्यासाच्या २० पट, म्हणजे आणखी जास्त. शिवाय सांध्यावर कॉलमची ताकद बीमपेक्षा १.४ पट हवी. त्याच सुमारास बाहेरच्या भिंती ब्लॉकच्या, सहा इंची झाल्या होत्या. कॉलम खोलीत डोकावू लागला. कपाटाची जागा खाल्ली, दार पूर्ण उघडेना. हे वाद विटकाम झाल्यावर झाले असते तर कॉलमला टाचे मारण्यापर्यंत मजल गेली असती, आणि तसं झालेलं आपण पाहिलं आहे. मॉडेलमुळे तेच वाद डिझाइनच्या टेबलावर आले. गेल्या पंचवीस वर्षांत मॉडेलने आपल्याला काय दिलं, असं कुणी विचारलं तर मी आधी हेच सांगेन.

मॉडेलमध्ये कॉलम कसा टाकावा, याबद्दल माझं मत ठाम आहे. फुटिंगपासून गच्चीपर्यंत एकच लांब कॉलम टाकणं सोपं असतं, पण साइटवर तो तसा भरला जात नाही. स्टार्टर, रिंगा, शटरिंग, बीमच्या तळापर्यंत काँक्रीट, मग पुढचा मजला. म्हणून मॉडेलमध्येही तो मजल्यागणिक तोडलेला हवा, नाहीतर काँक्रीटचा हिशेब आणि वेळापत्रक दोन्ही चुकतात. खाली ३०० बाय ९०० असलेला कॉलम वर ३०० बाय ६०० होतो, तेव्हा लिफ्टच्या किंवा बाहेरच्या भिंतीच्या बाजूची कड सरळ ठेवायची असते. कड सरळ ठेवली की मध्यरेषा सरकते. इथे पुन्हा दोन जगं भेटतात, कारण इंजिनिअरच्या ईटॅब्ससारख्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये कॉलम ही नुसती रेघ असते. रेव्हिटमध्ये २०२२ च्या आवृत्तीपर्यंत कॉलमबरोबर त्याची गणिती रेघही आपोआप तयार व्हायची. ती नीट जुळवताना इंजिनिअरांची पुरेवाट होई. २०२३ च्या आवृत्तीपासून गणिती मॉडेल आणि प्रत्यक्ष मॉडेल वेगळी केली गेली. काम वाढलं, अनेकांनी कुरकुर केली. मला मात्र तो निर्णय योग्य वाटतो. भार कुठून वाहतो हे इंजिनिअरने ठरवायचं, सॉफ्टवेअरने अंदाज करायचा नाही.

आज पुण्यातल्या कितीतरी ऑफिसांत परदेशातल्या इमारतींचे कॉलम मॉडेलमध्ये उभे राहतात, आणि नागपूर मेट्रोसारख्या आपल्याच प्रकल्पातही मॉडेलवर काम झालं. मॉडेलमध्ये नजर तयार झालेली मुलं आता इथल्या साध्या सात मजली सोसायटीसाठीही तशीच शिस्त मागतात. साइट इंजिनिअरच्या हातात मात्र अजूनही कॉलम शेड्यूलची छापील प्रत असते, आणि फिटर सळया मोजतो ते तिच्यावरूनच. त्या प्रतीखाली स्ट्रक्चरल कन्सल्टंटची सही असते. मॉडेलवर अशी सही कशी घ्यायची, आणि सही झाल्यावर कुणी कॉलम हलवला तर जबाबदार कोण, हे कामाच्या करारातच लिहून घ्यायची सवय आपल्याकडे अजून लागायची आहे.