हा रस्ता कोणत्या खणात?

लालबागच्या एखाद्या जुन्या गिरणीच्या जागी उंच मनोरा उभा राहायचा आहे, असे समजा. त्याचे सांडपाणी, त्याच्या मोटारी यांचा परिसरावर काय परिणाम होईल, हे बांधण्यापूर्वी अभ्यासायचे की नाही? चाळीच्या प्रत्येक दुरुस्तीसाठी कोणी असा अभ्यास करीत बसणार नाही. म्हणून आधी एक चाळणी लागते.

आपल्या देशात ती 27 जानेवारी 1994 च्या अधिसूचनेने आली. मोठ्या इमारती तिच्या कक्षेत 2004 साली आल्या आणि 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेने आकडे ठरवून दिले. बांधकाम 20,000 चौरस मीटरपेक्षा कमी असेल तर सुटका. त्यापुढे पर्यावरण मंजुरी हवी, आणि 1,50,000 चौरस मीटर गाठले की परिणामांचा सविस्तर अहवालही हवा. आकड्यांची चाळणी वापरायला सोपी, पण थोडी आंधळी. 19,900 चौरस मीटरचे पाच मनोरे एकाच गल्लीत उभे राहिले तर प्रत्येक जण सुटेल; गटारात पाणी मात्र पाचांचेही येईल!

याहून अवघड प्रश्न म्हणजे, मुळात काम कोणत्या प्रकारचे? सूचीत कामांचे वेगवेगळे खण असतात. मरीन ड्राइव्हहून वरळीकडे जाणारा सागरी किनारा रस्ता या खणांपाशीच अडखळला. गिरगाव चौपाटीजवळून मलबार हिलखाली बोगदा आणि पुढे समुद्रात भराव. मूळ योजनेत हा भराव सुमारे 90 हेक्टर होता. सूचीत महामार्ग होते, पण राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग. हा तर महापालिकेचा रस्ता! त्याला किनारा नियमन क्षेत्राची परवानगी 11 मे 2017 रोजी मिळाली, त्यासाठी अहवालही झाला. पण 2006 च्या अधिसूचनेखालील मंजुरी घेतलेली नव्हती.

वरळीचे कोळी आणि इतर काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. 16 जुलै 2019 रोजी न्यायालयाने परवानग्या रद्द केल्या आणि ही मंजुरीही आवश्यक असल्याचे सांगितले. 17 डिसेंबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली व रस्त्याचे काम पुन्हा सुरू झाले.

खण कोणताही असो, समुद्रात काय होते ते पाहू. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्यांना संरक्षण आहे. 2020 साली वनखात्याच्या परवानगीने ते उचलून दुसरीकडे बसवावे लागले. कोळ्यांचा प्रश्न तर अगदी साधा होता. वरळीला पुलाच्या खांबांमधले अंतर 60 मीटर ठरले होते. वारा आणि लाटा असताना एवढ्या फटीतून होडी सुखरूप नेता येईल का? हे विचारायला भूमिती पुरे, आणि होडी हाकणारा माणूस. काम पुष्कळ पुढे गेल्यावर, 2022 च्या अखेरीस, एक खांब वगळून ते अंतर 120 मीटर करण्याचे ठरले. कोळ्यांनी मागितले होते त्याहून कमीच.

मार्च 2024 मध्ये रस्त्याचा पहिला टप्पा वाहतुकीला खुला झाला.