वेग सांभाळणारी मोटार

विजेच्या मोटारी येण्यापूर्वी इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावांत पिठाची गिरणी डिझेल इंजिनावर चाले. जात्यात धान्य पडू लागले की इंजिनाचा आवाज क्षणभर जड होई आणि लगेच पूर्ववत होई. इंजिनाला कोणी हातही लावलेला नसे. मग इंधन वाढवी कोण? ते काम गव्हर्नरचे. त्यातील दोन फिरती वजने वेग उतरला की आत येत व इंधनाची वाट मोकळी करीत. वेग वाढला की बाहेर फेकली जात व ती वाट आवळीत. जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाला ही युक्ती 1788 मध्येच लावली होती.

आजच्या मोटारीतील क्रूझ कंट्रोल हा या गव्हर्नरचाच वंशज. 1950 मध्ये त्याचे पेटंट मिळवणारा अमेरिकन अभियंता राल्फ टीटर अंध होता! चालकाने वेग नेमून दिला की संगणक चाकांचा वेग मोजतो, त्याच्याशी ताडून पाहतो आणि इंधन कमीजास्त करतो. साध्या क्रूझ कंट्रोलला वेगापलीकडे काही दिसत नाही. गळिताच्या हंगामात पुढे उसाची ट्रॉली आली, तरी त्याला पत्ता नसतो. ती रडार किंवा कॅमेरा बसवलेल्या मोटारींनाच कळते.

समजा, कळसची एक मोटार पुणे ओलांडून मुंबईला निघाली आहे. चढावर वेग उतरताच इंधन वाढते. तेवढ्याने भागले नाही, तर स्वयंचलित गिअरपेटी खालचा गिअर टाकते. इंजिन घोंघावते, मोटारीचा वेग मात्र तोच. गिअरच्या सायकलवर चढ चढताना तुमचे पायही असेच भराभर फिरतात.

खरी परीक्षा बोरघाटाच्या उतारावर. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत मोटार साधारण 500 मीटर खाली येते. तिचे वस्तुमान 1,200 किलोग्रॅम धरले, तर सुमारे 60 लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. 25 अंश सेल्सिअसचे 19 लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी! थोडी हवेच्या विरोधात खर्ची पडते. बाकीची जाणार कोठे? क्रूझ कंट्रोल इंधन तोडतो, पण शून्याहून कमी इंधन कसे देणार? वेग वाढतच राहतो. सतत ब्रेक दाबले तर ते तापून त्यांची पकड सुटू लागते. काही नव्या मोटारी अशा वेळी आपणहून खालचा गिअर टाकतात; इतरांत तो चालकाने टाकायचा. मग चाकेच इंजिनाला फिरवतात, आणि इंधनाचा थेंबही न जळता इंजिन मोठ्याने घुमत मोटारीला मागे ओढून धरते.