‘आत्ताच मॉर्फिन? इतक्यात?’

नाशिकमध्ये कॅन्सरच्या रुग्णाच्या घरी गेलं, मग ते सिडकोतलं दोन खोल्यांचं असो की गंगापूर रोडवरचा बंगला, एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलंय, पण ते आम्ही शेवटासाठी ठेवलंय.’ गोळ्यांची स्ट्रिप कपाटाच्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डबीशेजारी, रबर बँड लावून ठेवलेली. आणि आतल्या खोलीत, कॅन्सर मणक्यात उतरलेला माणूस उशी पोटाशी धरून पलंगाच्या कडेला बसलेला, कारण आडवं झालं की कळ उठते. रात्र तशीच बसून जाते. सून पाय चेपते, मुलगा पाठीला मलम चोळतो, कुणी रामरक्षा म्हणतं. माया कुठेच कमी नाही. औषध तेवढं लॉकरात.

मॉर्फिन सुरू केलं की माणूस संपला, हा तो गैरसमज. शेजारीपाजारी तो सांगतातच, पण औषधाच्या दुकानात काउंटरपलीकडून आणि क्वचित एखाद्या डॉक्टरांच्या केबिनमध्येही तो ऐकू येतो, तेव्हा मात्र डोकं फिरतं.

हा समज येतो कुठून, ते कळणं अवघड नाही. आपल्याकडे मॉर्फिन द्यायला सुरुवातच होते ती शेवटच्या चार-सहा दिवसांत. मग माणूस जातो आणि घरच्यांच्या मनात क्रम पक्का बसतो: आधी मॉर्फिन, मग मरण. छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडला, असं म्हणण्यातलाच हा प्रकार. माणूस आजाराने जातो. गोळी उशिरा पोहोचलेली असते, इतकंच.

प्रत्यक्षात ही तोंडाने घ्यायची साधी गोळी आहे. सुरुवात लहान डोसने होते. तिचा असर चारेक तास टिकतो, म्हणून सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा अशा ठरल्या वेळी ती द्यायची. ‘दुखेल तेव्हा घ्या’ असं नाही, दुखणं डोकं वर काढण्याआधी घ्यायची. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्येच कॅन्सरच्या वेदनांसाठी ही पद्धत सांगितली. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, काहींना मळमळतं. त्यात कित्येक आठवड्यांची राहिलेली झोपही भरून निघत असते, आणि घरचे ‘बघा, बेशुद्ध केलं’ म्हणून गोळी बंद करतात! बद्धकोष्ठता मात्र जवळजवळ सगळ्यांना होते आणि ती आपोआप जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. चिठ्ठीवर ते नसेल तर विचारा. किडनीचा आजार असेल तर तेही आधी सांगा, डोस बदलावा लागतो. श्वास बंद पडण्याची भीती बेफाम डोसच्या बाबतीत खरी आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने वाढवलेल्या गोळीने तसं होणं दुर्मीळ. उलट धाप लागलेल्या रुग्णाला लहान डोसमध्ये हेच औषध दिलासा देतं.

‘आत्ताच घेतलं तर शेवटी लागू पडणार नाही’ हेही चूक. पॅरासिटामॉलला जशी कमाल मर्यादा असते तशी मॉर्फिनला ठरलेली नाही. दुखणं वाढलं तर डॉक्टर डोस वाढवतात.

आणि व्यसन? 2001 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात वेदनाशमनतज्ज्ञ डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांचा केरळातल्या कोझिकोडमधला अभ्यास छापून आला. घरी मॉर्फिनच्या गोळ्या नेणारे 1,723 रुग्ण दोन वर्षं पाहिले, गैरवापराचं किंवा गोळ्या बाहेर जाण्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. दीर्घकाळ घेतल्यावर अचानक बंद केली तर शरीर कुरकुरतं, म्हणून ती हळूहळू उतरवतात. स्टेरॉइडही तशीच उतरवतात, पण स्टेरॉइडच्या रुग्णाला कुणी व्यसनी म्हणत नाही.

खरी गंमत, म्हणजे संतापजनक गंमत, अशी की औषधी अफूची कायदेशीर शेती आपल्याच देशात होते, मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमच पट्ट्यात. पण 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि परवान्यांच्या जंजाळाला व शिक्षेला घाबरून दुकानं आणि रुग्णालयं हे औषध ठेवेनाशी झाली. पुढच्या बारा-एक वर्षांत मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे 97 टक्क्यांनी घसरला. मॉर्फिनची चिठ्ठी कधी लिहिलीच नाही, अशी डॉक्टरांची अख्खी पिढी त्यातून तयार झाली. 2014 मध्ये कायदा सुधारला, मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं. मनातला कायदा मात्र अजून 1985 चाच आहे.

मॉर्फिनच्या या भीतीचा थोरला भाऊ म्हणजे ‘पॅलिएटिव्ह केअरकडे (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेकडे) पाठवलं, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.’ बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 151 रुग्णांवर झालेला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर लवकरच नेहमीच्या उपचारांसोबत ही सेवा मिळालेल्या गटाचं मध्यम आयुर्मान 11.6 महिने होतं, दुसऱ्या गटाचं 8.9. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, हेही सांगायला हवं. पण केमो चालू असताना वेदना, धाप, झोप आणि घरच्यांची घालमेल यांच्याकडे पाहणारं कुणी असणं म्हणजे उपचार सोडणं नव्हे. दोन्ही एकत्र चालतं.

बाकीचे समज थोडक्यात. ‘हे फक्त कॅन्सरसाठी’: जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत ही सेवा लागणाऱ्या प्रौढांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांचा वाटाही मोठा आहे. ‘हे म्हणजे इच्छामरणच’: नाही, इथे मरण ना घाईने आणतात, ना ओढूनताणून लांबवतात. व्हेंटिलेटर नको असं आधीच लिहून ठेवण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये खुला केला आणि 2023 मध्ये सोपा केला, पण तो वेगळा विषय. ‘भोग आहेत, भोगूनच संपतात’: यावर शास्त्रीय उत्तर नाही. एवढंच सांगतो, की असं म्हणणाऱ्यांना स्वतःची दाढ दुखली की दवाखाना आठवतो.

‘त्यासाठी मुंबईला जावं लागतं’ हे अर्धसत्य. देशातलं पहिलं हॉस्पिस (अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांचं शुश्रूषा केंद्र), मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन, 1986 चं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून विनामूल्य चालतं. पण ही सेवा मुख्यतः घरी द्यायची असते. महाराष्ट्राने 2012 मध्ये तिचं धोरण केलं आणि ग्रामीण आरोग्य अभियानातल्या सुरुवातीच्या प्रयोगांत नाशिक जिल्हा होता. तेव्हा पंचवटी एक्सप्रेसचं तिकीट काढण्याआधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा: पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी कोणत्या वारी, मॉर्फिनच्या गोळ्या शिल्लक आहेत का, घरी येणारी नर्स आहे का. जाताना रुग्णाची जुनी फाइल आणि चालू गोळ्यांच्या स्ट्रिपा सोबत न्या. लॉकरातलीसुद्धा.