समुद्राखाली शिकायचं, पण हिशोब आधी

मागच्या बैठकीत आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी कर्जाचा अर्ज दिला. कारण ऐकून सगळ्याजणी हसल्या. त्यांची लेक नवी मुंबईत, बेलापूरला नोकरी करते. ती मैत्रिणींबरोबर थायलंडला निघाली आहे. तिथे तिला स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली पोहायला शिकायचं आहे. हसून झाल्यावर आम्ही वही उघडली. खर्च कुठे कुठे होतो ते समजल्याशिवाय कर्ज कसं द्यायचं?

मालवणला पर्यटक प्रशिक्षकाचा हात धरून पाण्याखाली जाऊन येतात. ती झाली गंमत. शिकण्याचा पहिला अभ्यासक्रम ३-४ दिवसांचा असतो. त्यात पुस्तकी अभ्यास, पोहण्याच्या तलावात सराव आणि समुद्रात ४ बुड्या. पास झालं की १८ मीटर खोलीपर्यंतचं कार्ड मिळतं, ते जगभर चालतं.

थायलंडचं कोह ताओ बेट स्वस्तात शिकवण्यासाठी प्रसिद्ध आहे. पण फीचा आकडा म्हणजे सगळा खर्च नव्हे. पुस्तक, कार्ड, साधनांचं भाडं, बोट आणि विमा त्यात धरलाय का, हे लेखी विचारावं. जितके दिवस शिकणं, तितके दिवस राहणं-जेवणंही आलंच.

आणखी एक दिवस हमखास विसरला जातो. पाण्याखाली दाबामुळे हवेतला नायट्रोजन वायू रक्तात विरघळतो. सोड्याची बाटली झटकन उघडली की जसा फेस येतो, तसे लगेच विमानात बसल्यास अंगात बुडबुडे होऊ शकतात. म्हणून शेवटच्या बुडीनंतर निदान १८ तास विमान नको. त्या रात्रीचं भाडं वहीत आधीच लिहावं.

तब्येतीचा फॉर्मही भरावा लागतो. दमा, कानाचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावं. गरोदरपणी बुडी मारूच नये. फी बुडेल म्हणून दुखणं लपवलं, तर जिवावर बेतेल.

आता बचतीचा मार्ग. अभ्यास आणि तलावातला सराव इथेच करून, वर्षाच्या आत समुद्रातल्या ४ बुड्या दुसरीकडे पूर्ण करता येतात. मुंबईत असे वर्ग चालतात. तिकडे मग समुद्राचे दोनच दिवस लागतात. मात्र दोन्हीकडच्या केंद्रांना आधी विचारून घ्यावं. परदेशी जायचंच नसेल, तर मालवण तालुक्यात तारकर्लीला राज्य पर्यटन विकास महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहे. पावसाळ्यात मात्र तिथला समुद्र बंद असतो.

ताईंनी हे सगळं लेकीला फोनवर सांगितलं. तिने तलावाचा सराव इथेच करायचं ठरवलं आणि ताईंनी अर्जातली रक्कम कमी करून आणली. आम्ही कर्ज मंजूर केलं. पोरीने शिकावं, जरूर शिकावं. फक्त परतीच्या दिवसासकट हिशोब मांडून.