एक काम, हजार यंत्रे

एकट्यास न पेलणारे ओझे दहा जणांनी मिळून उचलावे, ही मनुष्याची पुरातन रीत आहे. गणकयंत्रांच्या जगातही ती आता रूढ झाली आहे. भाषा समजणारी किंवा चित्र ओळखणारी बुद्धिमान यंत्रणा घडविण्यासाठी जी आकडेमोड करावी लागते, ती एका यंत्राच्या आवाक्यातली नसते. म्हणून ती अनेकांत वाटून द्यावी लागते. ह्या पद्धतीस वितरित संगणन असे म्हणतात. भारतास ती अपरिचित नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली सिद्ध केलेला 'परम ८०००' हा महासंगणक अनेक प्रोसेसर एकत्र जोडूनच उभारलेला होता.

परंतु यंत्रे वाढविली म्हणजे वेगही त्याच प्रमाणात वाढतो काय? अमेरिकन अभियंता जीन अ‍ॅमडाल ह्यांनी १९६७ साली ह्या प्रश्नाचा विचार मांडला. समजा, वीस तासांच्या कामापैकी एका तासाचे काम वाटून देता येण्याजोगे नाही. मग यंत्रे कितीही लावा, ते काम एका तासाच्या आत संपणार नाही. वेग वीसपटीहून अधिक होणार नाही.

दुसरी अडचण निरोपांची. सेकंदाच्या एक अब्जांश भागात प्रकाशदेखील केवळ तीस सेंटिमीटर, म्हणजे शाळेतील एका पट्टीइतकेच अंतर कापतो. सबब दूरदूरच्या यंत्रांचा पुष्कळ वेळ एकमेकांची वाट पाहण्यातच जातो. तिसरी अडचण बिघाडाची. मेटा कंपनीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तानुसार, १६,३८४ प्रोसेसरांवर भाषेचे एक प्रारूप घडविताना ५४ दिवसांत ४१९ वेळा काम अनपेक्षितपणे थांबले. म्हणजे सुमारे दर तीन तासांस एकदा! म्हणून झालेल्या कामाची नोंद मधून मधून जपून ठेवावी लागते, नाहीतर सारे श्रम वाया जावयाचे.

ह्यावरून पुढील वाट कोणती, हे ध्यानात येईल. यंत्रांनी एकमेकांशी कमीत कमी बोलावे व तरीही एकत्र शिकावे, असा उपाय हवा. गूगलमधील संशोधकांनी २०१६ साली अशी एक पद्धत मांडली. तीत माहिती एका जागी गोळा करीत नाहीत. प्रत्येक यंत्र आपल्याजवळच्या माहितीवरून शिकते आणि शिकलेल्याचे सार तेवढे पाठविते. त्या सर्व सारांची सरासरी काढून सामाईक ज्ञान सिद्ध होते. दहा रुग्णालयांना ह्या रीतीने रोगनिदानाचे एकच साधन घडविता येते, आणि रुग्णांची कागदपत्रे मात्र ज्याच्या त्याच्या कपाटात राहतात.

अर्थात ही पद्धत सर्वथा निर्धोक नाही. पाठविलेल्या सारावरून मूळ माहितीचा माग काढता येतो, असे संशोधनात दिसून आले आहे. त्यासाठी सारात हेतुपुरस्सर थोडी गणिती भेसळ करण्याचे उपाय योजतात. तसे करताना उत्तराची अचूकता काहीशी घटते. किती गुप्ततेसाठी किती अचूकता सोडावयाची, हे यंत्र सांगू शकत नाही. तो निर्णय ज्यांची माहिती आहे त्यांनीच घ्यावयाचा आहे, आणि त्यासाठी ह्या विषयाची ओळख सामान्य नागरिकासही असणे अवश्य आहे.