आंबा-फणसाचा हंगाम आणि गाईचे कोटीपोट

रत्नागिरीच्या दक्षिणेस पावस व आसपासच्या गावांत भाताची कापणी आटोपली की गुरे मोकळी सोडण्याची चाल जुनी आहे. चैत्र-वैशाखात कातळावरचे गवत संपते आणि ही गुरे बागांकडे व आंब्याच्या साली-बाठ्यांच्या ढिगांकडे वळतात. सकाळी धडधाकट असलेली गाय सायंकाळी पोट फुगून मरून पडते, ती याच दिवसांत. तिला दृष्ट लागली किंवा पान लागले, असे मग बोलले जाते. वस्तुतः कारण पुष्कळदा तिने खाल्लेल्या पदार्थांत असते. ते कळण्यास पोटाची रचना ठाऊक हवी.

घोडा व गाय दोन्ही गवतावर जगतात. परंतु घोड्याचे जठर लहान व एकाच कप्प्याचे असून चारा आंबण्याची क्रिया पुढे मोठ्या आतड्यात होते. गाईत ती आरंभीच, चार कप्प्यांपैकी पहिल्यात होते. हा कप्पा म्हणजे कोटीपोट. पोटाची जवळजवळ सारी डावी बाजू त्याने व्यापलेली असते. त्यातील असंख्य सूक्ष्मजीव पेंढ्यासारखा निकस चाराही पचवितात. या क्रियेत उत्पन्न होणारा वायू, मोठ्या गाईत ताशी ३० ते ५० लिटर, ढेकरावाटे सतत बाहेर पडावा लागतो. शिवाय गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती घास घाईने गिळते व नंतर सवडीने रवंथ करते.

या घाईतच पहिला धोका आहे. गळून पडलेला लहान रायवळ आंबा किंवा बाठा अख्खा गिळला जातो व अन्ननलिकेत अडकतो. ढेकर बंद होताच वायू कोंडतो, डावी भकाळी ढोलासारखी ताणते, फुप्फुसांवर दाब येतो आणि काही तासांत जनावर गुदमरते. मान ताणून धरणे, तोंडातून लाळ गळणे, खोकणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकास बोलवावे. अशा जनावरास तेल किंवा पाणी पाजणे हा सर्रास आढळणारा, पण घातक उपाय होय. गिळता येत नसल्याने ते श्वासनलिकेत उतरते. काठीने बाठा आत ढकलल्यास अन्ननलिका फाटते. पुढचे पाय उंचावर येतील असे जनावर उभे करावे, एवढेच घरच्या माणसाचे काम.

दुसरा धोका फणसाचा. पिकलेल्या गऱ्यांत साखर विपुल असते. ती एकदम पोटात गेली की आम्ल निर्माण करणारे जंतू बेसुमार वाढतात आणि पेंढा पचविणारे सूक्ष्मजीव मरतात. शरीरातील पाणी कोटीपोटात ओढले जाऊन गाय आतून सुकते. हा विकार पोटफुगीहून सावकाश, बहुधा अर्ध्या ते एका दिवसात दिसू लागतो. गाय चारा व रवंथ सोडते, आंबूस वासाचे पातळ शेण टाकते, झोकांड्या खाते. लग्नकार्यातील उरलेला भात घमेलेभर घातल्यावरही हेच होते. त्यात ममता असते, म्हणून कोणी हटकत नाही. गिळता येत असेल तर प्रौढ गाईस सुमारे १०० ग्रॅम खाण्याचा सोडा लिटरभर पाण्यात, जीभ न ओढता, हळूहळू पाजावा व उपचार त्वरित सुरू करावा. गाभण गाय यातून बचावली तरी गाभडण्याची भीती राहते.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने नोंदलेली कोकण कपिला ही येथील गाय काटक आहे, पण लहान चणीची. मोठ्या संकरित गाईस सोसेल तेवढा गोड पदार्थ तिला सोसत नाही.

फणसाची साल घालायचीच असेल तर गरे व आठळ्या काढून, बारीक चिरून, पेंढ्यात मिसळून थोडी थोडी घालावी व प्रमाण आठ-दहा दिवसांत वाढवावे. सकाळी गुरे सोडण्यापूर्वी दावणीत पेंढा टाकावा. कोरडा चारा चघळताना सुटणारी लाळ क्षारयुक्त असल्याने कोटीपोटातील आम्ल मारते, आणि भरल्या पोटाची गाय ढिगाकडे अधाशीपणे धावत नाही. बाठे व साली कुंपण घातलेल्या खड्ड्यात टाकून वर शेण-मातीचा थर द्यावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे खड्डे हंगामापूर्वीच, फाल्गुनात, खणून घ्यावेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता व फिरत्या पथकाचा १९६२ हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठळक लिहून ठेवावा.