घरातले बुजुर्ग आणि गाडीची किल्ली

सत्तरीला टेकलेले अब्बा अजूनही फजरला मोटारसायकल काढून मशिदीत जातात, येताना दूध आणतात, शुक्रवारी नातवाला मागे बसवून जुम्याला नेतात. जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी घरांत हे रोजचेच आहे. गाडी दाराबाहेर पडली की घरातल्या बायका मनातल्या मनात दुआ करतात आणि ती परत येईपर्यंत त्यांचे कान रस्त्याकडे लागलेले असतात. गाडीवर एखादा नवा ओरखडा दिसतो. मुलगा बघतो, सून बघते, पण बोलत कोणी नाही. ‘अब्बा, आता गाडी चालवू नका’ हे वाक्य आपल्याकडे सल्ला म्हणून ऐकले जात नाही. ‘तुम्ही आता म्हातारे झालात, कामाचे राहिला नाहीत’ असाच त्याचा अर्थ घेतला जातो. म्हणून विषय टळत राहतो आणि एखादा अपघात झाल्यावरच निघतो.

तो आधीच का काढावा आणि कसा काढावा, हे आज पाहू.

म्हातारा चालक म्हणजे धोकादायक चालक?

आधी आकडे बघू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजारांहून अधिक रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा जीव गेला. मरण पावलेल्या दर तिघांपैकी दोघे १८ ते ४५ या वयोगटातले होते. शंभरातले सुमारे ७१ मृत्यू अतिवेगामुळे झाले. आपल्या भागातल्या मोठ्या दुर्घटना आठवा. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून किमान १५ मजूर गेले. मालाच्या गाडीवर माणसे बसवलेली होती. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरला मुंबई-आग्रा महामार्गावर एक कंटेनर गाड्यांना धडकत हॉटेलात घुसला आणि किमान १० जण दगावले. त्याचे ब्रेक निकामी झाल्याचे सांगण्यात आले. या दोन्ही घटनांचा कोणाच्या म्हातारपणाशी संबंध नव्हता.

तेव्हा रस्त्यावरचा सारा दोष पिकल्या केसांवर टाकणे खरे नाही. अनुभवी माणूस वेगात जात नाही, गरज नसताना ओव्हरटेक करत नाही, गाडी चालवताना मोबाइल बघत नाही.

पण एवढ्याने निश्चिंत होता येत नाही. वयस्कर लोक गाडी कमी चालवतात, म्हणून त्यांच्या अपघातांची संख्याही कमी दिसते. परदेशांतल्या अभ्यासांत दर किलोमीटरमागे हिशेब मांडला, तेव्हा सर्वाधिक अपघात अगदी तरुण चालकांचे निघाले. पुढे अनेक वर्षे हे प्रमाण खाली राहते आणि सत्तर-पंचाहत्तरीनंतर पुन्हा चढू लागते. शिवाय पडल्यावर तरुणाचे हाड महिन्या-दोन महिन्यांत जुळते, तर पंचाहत्तरीच्या माणसाचा खुबा मोडला की तो कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. म्हणजे पहिला धोका चालवणाऱ्यालाच आहे, आणि आपल्याकडचा वयस्कर चालक बहुधा दुचाकीवर असतो. त्याच्याभोवती ना पत्रा, ना एअरबॅग.

कधी हा धोका इतरांपर्यंतही पोहोचतो. ३ जून २०२४ रोजी कोल्हापूरच्या सायबर चौकात ७२ वर्षांच्या एका निवृत्त प्राध्यापकांची कार भर दुपारी दुचाक्यांना उडवत गेली. स्वतः चालकासह काही जणांचे प्राण गेले. गाडी चालवतानाच त्यांची प्रकृती बिघडली असावी, असे तेव्हा सांगितले गेले. ना दारू, ना शर्यत. सभ्य, शिकलेला, वर्षानुवर्षे गाडी चालवणारा माणूस होता. अशा वेळी चूक कोणाची, यापेक्षा आधी काय तपासता आले असते, हा प्रश्न अधिक कामाचा आहे.

शरीरात काय बदलते?

सगळ्यात आधी डोळे बदलतात. वय वाढते तशी बाहुली लहान होते, आतले भिंग पिवळसर होते आणि डोळ्यात कमी उजेड पोहोचतो. त्यामुळे दिवसा ठणठणीत दिसणाऱ्या माणसालाही रात्री कमी दिसते. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश फुटून पसरतो आणि पुढचे काही क्षण सगळे पांढरे होऊन जाते. काचबिंदू तर कडेची नजर गुपचूप खातो. समोरचे नीट दिसते, पण बाजूच्या गल्लीतून आलेली सायकल दिसत नाही, आणि माणसाला वाटते की ती अचानक उगवली.

मग मान आणि सांधे. मान वळत नसेल तर मागची गाडी बघणे टाळले जाते आणि सारा भरवसा आरशावर जातो. गुडघा दुखत असेल तर पाय ब्रेकवर उशिरा पडतो. मेंदूही दोन-तीन गोष्टी एकदम हाताळताना थोडा जास्त वेळ घेतो. हा वेळ किती महत्त्वाचा, याचा हिशेब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी ८ मीटर पुढे गेलेली असते.

आता हे आपल्या रस्त्यांवर ठेवून बघा. जळगावात महामार्ग शहराच्या मधून जातो. अजिंठा चौफुली असो की इच्छादेवी चौक, एका बाजूला ट्रक-कंटेनर, दुसऱ्या बाजूला शाळेची मुले, रिक्षा आणि पायी माणसे. धुळ्यात तर मुंबई-आग्रा आणि सुरतकडून नागपूरकडे जाणारा असे दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात. रावेर-यावलकडून रात्री केळीच्या गाड्या निघतात, उसाच्या दिवसांत मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात. लग्नाहून रात्री अकराला धुळे ते जळगाव हे सुमारे ९० किलोमीटर येणे आणि सकाळी आठला मोहल्ल्यातून मंडईत जाणे, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी जमते म्हणून पहिलीही जमेल, असे नाही.

गोळ्या, शुगर आणि रमजान

वयापेक्षाही जास्त लक्ष आजार आणि औषधांकडे हवे. सर्दी-खाजेच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, नसांच्या दुखण्यावरच्या काही गोळ्या गुंगी आणतात. बीपीचे औषध नवे सुरू झाले किंवा डोस वाढला, की उठताना चक्कर येऊ शकते. ‘ही गोळी घेऊन गाडी चालवली तर चालेल का?’ हा एक प्रश्न डॉक्टरांना विचारायची सवय लावून घ्यावी.

मधुमेहात इन्शुलिन किंवा शुगर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर शुगर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे. रमजानमध्ये असरनंतरचा वेळ सर्वांत नाजूक. पोट रिकामे, सहरी आणि तरावीहमुळे झोप अपुरी, आणि इफ्तारपर्यंत घरी पोहोचायची सगळ्यांनाच घाई. त्यात रमजान उन्हाळ्यात आला तर खान्देशचे ऊन ४०-४२ च्या खाली येत नाही. म्हणून महिना सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा बदलून घ्याव्यात. रोज्यात बोट टोचून शुगर तपासायला हरकत नाही, असे उलेमांनी सांगितलेले आहे. ती ७० च्या खाली गेली तर रोजा सोडावा, हा वैद्यकीय सल्ला आहे, आणि आजाऱ्याला शरीयतने सवलत दिलेलीच आहे. त्या तासाभरात गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हाती असलेली बरी.

कायदा काय म्हणतो?

खासगी गाडी चालवायला भारतात वयाची वरची मर्यादा नाही. ८० वर्षांच्या माणसालाही लायसन्स मिळू शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षांवरच्या व्यक्तीला ते दर वेळी पाच वर्षांसाठी नव्याने करून मिळते. चाळिशीनंतर अर्जासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, लागते. मुदत संपून वर्ष उलटले तर चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

कागदावर हे ठीक आहे. पण ६८ व्या वर्षी तपासलेल्या माणसाला कायदा पुन्हा ७३ व्या वर्षी तपासतो, आणि या वयात पाच वर्षे फार मोठी असतात. त्यात एजंटाच्या हातून आलेले प्रमाणपत्र म्हणजे अनेकदा न तपासता मारलेला शिक्का. आरटीओची फसवणूक होईल, पण नुकसान आपलेच होईल.

दुसऱ्या देशांनी काय केले? जपानमध्ये एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला आणि एक आई व तिची तीन वर्षांची मुलगी चिरडली गेली. त्या वर्षी सुमारे ६ लाख जपानी लोकांनी आपले लायसन्स स्वतःहून परत केले. तिथे पंचाहत्तरीनंतर नूतनीकरणाच्या वेळी स्मरणशक्ती आणि समजेची चाचणी होते, आणि लायसन्स परत करणाऱ्याला अनेक ठिकाणी बस-टॅक्सीत सवलत मिळते. ब्रिटनमध्ये राणीचे पती प्रिन्स फिलिप यांची गाडी जानेवारी २०१९ मध्ये उलटली, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. पुढच्याच महिन्यात त्यांनी लायसन्स सोडून दिले.

ज्यांचे पोटच गाडीवर आहे

राजवाड्यातल्या माणसाला लायसन्स सोडणे सोपे असते. आपल्या मोहल्ल्यांत रिक्षा, काळीपिवळी, छोटा हत्ती, ट्रक यांवर कितीतरी चुली चालतात. एसटीच्या चालकाला ठरलेल्या वयात निवृत्ती मिळते. रिक्षावाल्या चाचांना ती कोण देणार? अशा माणसाला ‘घरी बसा’ सांगण्याआधी घर कसे चालेल, याचे उत्तर मुलांकडे हवे. निदान रात्रीची आणि हायवेची भाडी बंद करणे, दिवसा गावातल्या गावात चालवणे, गाडी मुलाला किंवा पुतण्याला चालवायला देऊन हिशेब आपल्याकडे ठेवणे, हे तरी करता येते. आज तरुण असलेल्या चालकांनी आतापासून थोडे बाजूला टाकावे. असंघटित कामगारांसाठी २०१९ पासून प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना आहे. साठीनंतर तिच्यात महिन्याला ३ हजार रुपये पेन्शन मिळते, पण वयाच्या चाळिशीपर्यंतच तिच्यात नाव घालता येते.

या खुणा दिसल्या तर विषय काढा

• गाडीवर, फाटकावर, भिंतीवर नवे ओरखडे.
• नेहमीच्या रस्त्यावर वळण चुकणे, घरी यायला विनाकारण उशीर होणे.
• मागून येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न सारखे वाजणे आणि ते ऐकू न येणे.
• रात्री समोरच्या दिव्यांनी ‘काहीच दिसत नाही’ अशी तक्रार.
• ब्रेक उशिरा लागणे, दुचाकी थांबवताना तोल जाणे.
• गेल्या काही महिन्यांत चक्कर, बेशुद्धी, शुगर उतरणे.
• नातवंडांना त्यांच्या मागे बसवताना तुमचेच मन कचरणे.

एक सोपी चाचणी घरच्या घरी होते. दिवसाउजेडी २५ मीटरवर, म्हणजे साधारण तीस-पस्तीस पावलांवर, उभ्या असलेल्या गाडीचा नंबर चष्मा लावून वाचता यायला हवा. लायसन्सच्या वैद्यकीय नमुन्यातही हीच कसोटी आहे. नाही वाचता आला, तर आधी डोळ्यांचे डॉक्टर. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बरेच जण पुन्हा उत्तम गाडी चालवतात. प्रत्येक वेळी उत्तर ‘बंद करा’ असेच नसते.

बोलायचे कसे?

आई-वडिलांशी वैतागाने एक शब्दही बोलू नये, ही कुरआनची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. किल्ली लपवणे, प्लग काढून ठेवणे, नातेवाइकांसमोर चेष्टा करणे, हे सगळे तिच्या विरुद्ध जाते. पण भीड म्हणून गप्प राहणे ही अदबही नाही. एकांतात, एकाच जणाने, ज्याचे ते ऐकतात त्याने बोलावे. ‘तुम्हाला जमत नाही’ असे म्हणण्यापेक्षा ‘रात्री मी सोडतो’ असे म्हणावे. पहिली कपात रात्रीची, मग हायवेची, मग नातवंडांना बसवून नेण्याची. दिवसाची जवळची फेरी शेवटपर्यंत राहू द्यावी. हेल्मेट मात्र मोहल्ल्यातल्या मोहल्ल्यातही.

किल्ली मागण्याआधी पर्याय द्यावा लागतो. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट. मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धे तिकीट आहे, म्हणजे अम्मीचीही सोय झाली. इशाच्या नमाजला जाताना शेजारच्या तरुणाने एका बुजुर्गाला सोबत घेतले, तर त्याचे पेट्रोल वाढत नाही. ओळखीचा एक रिक्षावाला महिन्याच्या हिशेबावर ठरवला, तर दवाखाना आणि बाजार दोन्ही सुटतात.

आणि घरात न्याय सारखा हवा. दादाजींची किल्ली काढून तीच पंधरा वर्षांच्या नातवाच्या हाती देणारी घरे कमी नाहीत. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दादाजींनी निदान पन्नास वर्षे गाडी चालवलेली असते. म्हणून किल्लीचा नियम ठरवायचा तर पूर्ण घराने एकत्र बसून ठरवावा. कोण चालवणार, कधी चालवणार, कुठपर्यंत चालवणार, आणि दर वर्षी डोळे, शुगर, बीपी तपासून तो नियम पुन्हा बघायचा. त्या बैठकीत पहिला शब्द अब्बांना बोलू द्यावा. रात्रीच्या दिव्यांचा त्रास ते स्वतःच आधी सांगतील, अशी शक्यता मोठी आहे.